लॅथ्रिलचा एल्फ डेक: गर्दी जमवायची कशी, आणि पुसली गेली तर काय

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात कमांडर नावाचा चौघांचा प्रकार आहे: प्रत्येकाचा शंभर पानांचा डेक, त्यातलं एक पान त्याचा म्होरक्या म्हणजे कमांडर, आणि प्रत्येकाचे ४० लाइफ. अशा डावात क्रीचरचा, म्हणजे लढणाऱ्या पात्रांच्या पानांचा, डेक हरतो, तो बहुतेक वेळा क्रीचर कमी पडली म्हणून नाही, एकदम जास्त उतरवली म्हणून. सहाव्या टर्नला समोर बारा एल्फ, हातात एक लँड (माना, म्हणजे पानं खेळायचं इंधन, देणारं पान), आणि तिघांपैकी कुणीतरी चार माना देऊन सगळी क्रीचर मारणारं रॅथ ऑफ गॉड टाकतो. बाराच्या बारा ग्रेव्हयार्डात, म्हणजे बाद पानांच्या ढिगात. मग दर टर्नला एक पान ओढायचं, ते उतरवायचं आणि बाकीच्यांचा खेळ बघत बसायचं. दोघांच्या मॅजिकमध्ये समोर एकच डेक असतो. इथे तीन असतात, आणि प्रत्येकात तीन-चार बोर्ड वाइप (रॅथसारखी, मैदान एकदम पुसणारी पानं) धरले तरी टेबलावर दहाएक होतात. त्यातला एखादा वेळेवर येणारच, हे धरूनच डेक बांधायचा.

उदाहरणाला 'लॅथ्रिल, ब्लेड ऑफ द एल्व्ह्ज' घेऊ. २०२१ मध्ये काल्डहाइम या संचाबरोबर आलेल्या 'एल्व्हन एम्पायर' या तयार डेकची ती कमांडर. ठाण्यात काय, वाशी-खारघरला काय, नव्या खेळाडूने तयार डेक घेऊन त्यात हळूहळू पानं बदलणं हाच परवडणारा रस्ता आहे, आणि हा डेक तसा बदलायला सोपा आहे. लॅथ्रिल चार मानाची, २/३ (ताकद दोन, टफनेस म्हणजे सहनशक्ती तीन), काळी-हिरवी. तिला मेनस आहे, म्हणजे तिला अडवायला दोन क्रीचर लागतात. तिने हल्ल्यात एखाद्या खेळाडूला जितकं डॅमेज दिलं तितके १/१ एल्फ वॉरियर टोकन (डेकातलं पान न लागता बनणारी क्रीचर) मिळतात. शिवाय ती स्वतः आडवी होऊन (वापरलेलं पान आडवं फिरवतात, याला टॅप म्हणतात; तुमच्या पुढच्या टर्नला ते पुन्हा उभं होतं) आणि आणखी दहा उभे एल्फ आडवे करून प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे १० लाइफ काढते आणि तुम्हाला १० देते.

यात दोन चुका हमखास होतात. पहिली मोजणीची. लॅथ्रिल स्वतःही एल्फ आहे, पण ती आधीच आडवी झालेली असते, म्हणून दहात ती धरायची नाही. एकूण अकरा एल्फ लागतात. दुसरी चूक नेमकी उलटी आहे: आत्ताच उतरवलेले एल्फ यासाठी चालत नाहीत असं समजून लोक एक टर्न थांबतात. तसं काही नाही. ज्या क्षमतेच्या किमतीत टॅपचं चिन्ह आहे, ती वापरायला ते क्रीचर तुमचा टर्न सुरू झाला तेव्हापासून तुमच्याकडे असावं लागतं. ही अट लॅथ्रिलला लागू आहे. बाकीच्या दहांच्या बाबतीत मजकूर फक्त 'उभे एल्फ आडवे करा' एवढंच म्हणतो, त्यामुळे त्याच क्षणी आलेलं टोकनही चालतं. हेरिटेज ड्रुइडचंही तेच. तो तीन उभे एल्फ आडवे करून तीन हिरवे माना देतो, आणि ते तिघं आत्ताच आलेले असले तरी चालतात.

ही क्षमता वापरायची वेळ म्हणजे तुमच्या आधीच्या खेळाडूचा टर्न संपता संपता. स्वतःच्या टर्नला सगळे आडवे केलेत तर पुढचे तिघं मोकळ्या मैदानात येतील. उलट केलं तर तिघांच्या टर्नमध्ये एल्फ अडवायला उभे राहतात, शेवटी आडवे होतात, आणि लगेच तुमचा टर्न येतो म्हणून पुन्हा उभे होतात. मग पुन्हा एकदा. प्रत्येकाचे २० लाइफ गेले आणि एकही हल्ला करावा लागला नाही. आणखी एक फायदा: कुणी वाइप टाकला की तो लागू होण्याआधी अकरा जणांना आडवं करून १० वसूल करता येतात. किंमत एकदा दिली की लॅथ्रिल मेली तरी क्षमता पूर्ण होते.

९९ पानांची वाटणी

लँड ३५. माना देणारे स्वस्त एल्फ ११. माना देणाऱ्या वस्तू, सोल रिंग आणि आर्केन सिग्नेट, ही २. हातात पानं आणणारी ११. टोकन बनवणारे आणि इतर एल्फना फुगवणारे (ताकद-टफनेस वाढवणारे) १४. समोरच्याची अडचण काढणारी ९. वाचवणारी आणि परत उभं करणारी ६. डाव संपवणारी ५. लॅथ्रिलच्या पायात घालायला बूट २. ग्रेव्हयार्डातून उचलून आणणारी ४. झाली ९९, शंभरावी लॅथ्रिल.

तयार डेकात माना देणारे एल्फ नेहमी कमी वाटतात, म्हणून पहिला हात तिथेच लावावा. अकराच का? डेकात ११ असतील तर पहिल्या सात पानांत त्यातला किमान एक यायची शक्यता ५७ टक्के आहे. आठच ठेवले तर ती ४६ वर येते. मल्टिप्लेअरमध्ये पहिला मलिगन फुकट असतो, म्हणजे सातच्या सात पानं नव्याने मिळतात. तो धरला तर ११ वर शक्यता ८२ टक्क्यांपर्यंत जाते. लॅनोवार एल्व्ह्ज, एल्व्हिश मिस्टिक, फिंडहॉर्न एल्व्ह्ज हे तिघं एक माना देऊन एक हिरवा माना देणारे, ते डोळे मिटून घ्यायचे. काळ्या मानासाठी एल्व्ह्ज ऑफ डीप शॅडो, दर वेळी एक डॅमेज सोसून. बाकी एक-दोन मानाच्या आतले घ्या. तीन मानाचा माना देणारा एल्फ पहिल्या टर्नला काहीच कामाचा नाही.

३५ लँडमध्ये सात पानांत सरासरी अडीच लँड येतात. ऐकायला कमी वाटतं, पण दोन लँड आणि दोन एक-मानाचे एल्फ हा इथे चांगला हात आहे, ठेवायचा. दोन लँड आणि पाच चार-मानाची पानं मात्र पिसायला परत द्यायची, मग त्यात कितीही आवडीचं पान असो. आडवे येणारे लँड सहा-सातच्या वर नकोत. पहिल्या टर्नला हिरवा माना उभा मिळाला नाही तर एल्फ दुसऱ्या टर्नवर ढकलला जातो, आणि या डेकचा सगळा वेग तिथेच जातो. म्हणूनच जंगलं (हिरवा माना देणारे लँड) दलदलींच्या (काळा माना देणारे) दुपटीहून जास्त ठेवा. काळी पानं मोजकी आहेत.

पानं ओढणं: इथेच सगळं ठरतं

दहा एल्फ उतरवायला दहा पानं लागतात, आणि दर टर्नला एकच पान मिळतं. त्यामुळे या अकरा जागांवर तडजोड नको. बीस्ट व्हिस्परर स्वतः एल्फ आहे, चार मानाचा, आणि तुम्ही क्रीचर खेळायला काढलं की एक पान देतो. ते क्रीचर कुणी काउंटर केलं (उतरण्याआधीच रद्द केलं) तरी पान मिळालेलंच असतं. गार्डियन प्रोजेक्टही चार मानाचा, पण तो क्रीचर प्रत्यक्ष बोर्डवर आल्यावर देतो, आणि टोकनवर देत नाही. दोघांचाही टोकनशी संबंध नाही, हे डेक बांधताना लक्षात घ्या. टोकन बनवणारी पानं वाढवत गेलात तर बोर्ड भरलेला दिसेल आणि हात रिकामा राहील. टोकन जास्त ठेवणार असाल तर शमॅनिक रेव्हलेशन हवंच: पाच माना, जितकी क्रीचर तितकी पानं.

स्कलक्लॅम्पबद्दल जरा सविस्तर, कारण हे पान सगळे घालतात आणि निम्मे चुकीचं वापरतात. एक मानाचं हत्यार, बांधायला एक माना. ज्याला बांधाल त्याला +१/-१, आणि तो मेला की दोन पानं. १/१ एल्फला बांधलं की तो २/० होतो, जागीच मरतो, एका मानात दोन पानं. पण बोर्डवर एल्व्हिश आर्चड्रुइड असेल तर बाकीचे एल्फ २/२ झालेले असतात. मग स्कलक्लॅम्प बांधलेला एल्फ ३/१ होऊन शांतपणे उभा राहतो. मरत नाही, पानं देत नाही. इंपीरियस परफेक्ट, व्हँक्विशर्स बॅनर, जे जे फुगवतं ते सगळं स्कलक्लॅम्पच्या आड येतं. म्हणून क्रम पाळा: स्कलक्लॅम्प आधी, तीन-चार एल्फ त्यावर खर्च करून हात भरा, मगच आर्चड्रुइड. तो आधीच आला असेल तर स्कलक्लॅम्प हल्ला करणाऱ्या एल्फला बांधा. समोरच्याने अडवून मारलं तर पानं, नाही अडवलं तर डॅमेज.

आणखी एक पान लोक फारसं मोजत नाहीत. रिटर्न ऑफ द वाइल्डस्पीकर पाच मानाचं आहे, पण इन्स्टंट आहे, म्हणजे कुणाच्याही टर्नमध्ये काढता येतं. माणूस नसलेल्या तुमच्या क्रीचरपैकी सगळ्यात मोठ्या ताकदीइतकी पानं देतं. मार्विन, द नर्चररवर नव्याने येणाऱ्या दर एल्फमागे एक +१/+१ काउंटर (वाढीची खूण) चढतो, तिची ताकद सहा-सात सहज होते. कुणी वाइप टाकला की त्याला उत्तर म्हणून हे काढायचं. फौज गेली, पण हातात सात पानं आली.

वाइप आणि हातचा

पाच-सहा एल्फ बोर्डवर पुरे. बाकीचे हातात. लहानपणी बेरजेत शिकवतात तो हातचा इथे अक्षरशः लागू आहे: वाइपनंतरच्या टर्नला लगेच उतरवता येतील असे दोन स्वस्त एल्फ आणि एक पान ओढणारं, एवढं कायम मागे ठेवायचं. याला अपवाद एकच, त्याच टर्नला डाव संपत असेल तर.

हिरोइक इंटरव्हेन्शन दोन मानाचं, इन्स्टंट. बोर्डवरचं तुमचं सगळं हेक्सप्रूफ (समोरच्याला टार्गेट करता येत नाही) आणि इनडिस्ट्रक्टिबल (नष्ट होत नाही) करतं. पण ते कशाला चालतं आणि कशाला नाही, हे पाठ हवं. रॅथ ऑफ गॉड 'नष्ट करा' म्हणतो, तिथे चालतं. ब्लास्फेमस अॅक्ट प्रत्येक क्रीचरला १३ डॅमेज देतो, तिथेही चालतं. टॉक्सिक डेल्यूज ताकद आणि टफनेस दोन्ही खाली ओढतो, टफनेस शून्य झाला की इनडिस्ट्रक्टिबलही मरतं. फेअरवेल एक्झाइल करतं (डावाबाहेर काढतं), तिथे उपयोग नाही. सायक्लॉनिक रिफ्ट ओव्हरलोड केला (जास्त माना देऊन सगळ्यांवर लावला) की लँड सोडून सगळं हातात परत जातं, तो कुणाला टार्गेट करत नाही म्हणून हेक्सप्रूफही बाद, आणि टोकन तर हातात गेले की संपलेच. बाकी ब्लास्फेमस अॅक्ट स्वस्त तुम्हीच करून देता: नऊ मानाचं पान, पण बोर्डवरच्या दर क्रीचरमागे एक कमी. आठ क्रीचर झाली की एका लाल मानात पडतं. समोर लाल डेक असेल तर गर्दी मोजून वाढवा.

गोल्गारी चार्म स्वस्त आहे आणि सगळ्यांना रीजनरेट (नष्ट होण्यापासून एकदा बचाव) देतो, पण रॅथ ऑफ गॉडवर 'रीजनरेट करता येणार नाही' असं स्पष्ट लिहिलंय. तरी घ्या, कारण तोच चार्म गरज पडली तर एखादं एंचँटमेंटही (बोर्डवर टिकून राहणारी जादू) उडवतो.

परत उभं करायला पेट्रिआर्क्स बिडिंग: पाच माना, प्रत्येकजण एक जात सांगतो आणि त्या जातीची सगळी क्रीचर प्रत्येकाच्या ग्रेव्हयार्डातून परत येतात. तुमचे बारा एल्फ येतात, समोरच्यांचे एक-दोन. समोर ड्रॅगनचा नाहीतर झोंबीचा डेक असेल तर मात्र आधी त्याचं ग्रेव्हयार्ड मोजा. नुसतं बचावावर भागत नसेल तर पॉइझन-टिप आर्चर ठेवा. दुसरं कुठलंही क्रीचर मेलं की प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा एक लाइफ जातो. त्याच्याशिवाय बारा एल्फ असताना वाइप टाकणाऱ्याला बाराचा फटका बसतो, आणि समोरच्यांची क्रीचरही त्यात धरली जातात. हे पान दिसत असलं की वाइप टाकणारा जरा विचार करतो.

वाइपखेरीज हा डेक चार-पाच पानांपुढे सरळ हात टेकतो. घोस्टली प्रिझन आणि प्रोपगँडा हल्ला करणाऱ्या दर क्रीचरमागे दोन माना मागतात, दहा एल्फना वीस. कर्स्ड टोटेम क्रीचरच्या किंमत देऊन वापरायच्या क्षमता बंद करतो, म्हणजे माना देणारे सगळे एल्फ आणि लॅथ्रिलही बाद. एलेश नॉर्न, ग्रँड सेनोबाइट तुमच्या सगळ्यांना -२/-२ देते, १/१ एल्फ सगळे जागेवर मरतात. या सगळ्यांसाठी ती ९ पानं. रेक्लमेशन सेज एल्फच आहे, कर्स्ड टोटेम असला तरी त्याचं काम होतं, कारण तो बोर्डवर येताच आपोआप एखादी वस्तू किंवा एंचँटमेंट उडवतो. असॅसिन्स ट्रॉफी, प्युट्रिफाय, बीस्ट विदिन, हे पक्के. पण ही नऊ पानं समोर दिसेल त्या मोठ्या क्रीचरवर उडवू नका. मोठ्या क्रीचरची काळजी इतर दोघंही घेतात. घोस्टली प्रिझनची काळजी तुमच्याशिवाय कुणाला नसते.

संपवायचा टर्न

क्रेटरहूफ बीहेमथ आठ मानाचा, ५/५, हेस्ट (आल्या टर्नलाच हल्ला करू शकतो). आला की तुमच्या सगळ्या क्रीचरना ट्रॅम्पल (अडवणाऱ्याला मारून उरलेलं डॅमेज खेळाडूला बसतं), आणि जितकी क्रीचर तितकी +एक्स/+एक्स. आता कागदावर मांडून बघा. दहा १/१ एल्फ हल्ल्याला तयार, क्रेटरहूफ अकरावा, म्हणजे एक्स ११. प्रत्येक एल्फ १२, क्रेटरहूफ १६, एकूण १३६. समोर तिघांचे ४० प्रमाणे १२०. झालं ना? नाही. वाटून बघा. पहिल्यावर चार एल्फ, ४८. दुसऱ्यावर चार, ४८. तिसऱ्यावर उरलेले दोन आणि क्रेटरहूफ: २४ अधिक १६, बरोब्बर ४०. पहिल्या दोघांकडे ८ ची सूट आहे, तिसऱ्याकडे शून्य. त्याच्याकडे दोन टफनेसचं एक जरी क्रीचर अडवायला असलं तर दोन लाइफ उरतात. म्हणून तिसरा कोण हे आधी ठरवा: ज्याचा लाइफ आधीच कमी झालाय किंवा ज्याचा बोर्ड रिकामा आहे तो.

आणि दुसरा घोळ. आठ माना आणले कुठून? पाच लँड आणि तीन एल्फ आडवे करून आणले असतील तर ते तीन एल्फ हल्ला करू शकत नाहीत. एक्समध्ये धरले जातात, हल्ल्यात नाहीत. सात एल्फ घेऊन तिघांना संपवता येत नाही. म्हणूनच आर्चड्रुइड किंवा प्रीस्ट ऑफ टायटेनिया. दोघं जितके एल्फ तितके हिरवे माना देतात आणि आडवा होतो एकटाच. प्रीस्ट तर टेबलावरचे सगळे एल्फ मोजते, समोरच्याचेही.

क्रेटरहूफ महाग पान आहे. तो नसेल तर ओव्हरव्हेल्मिंग स्टँपीड पाच मानात तुमच्या सगळ्यात मोठ्या ताकदीइतकं फुगवतं, मार्विन बोर्डवर असेल तर कधी कधी क्रेटरहूफपेक्षा मोठं. एझुरी, रेनेगेड लीडर पाच मानात सगळ्या एल्फना +३/+३ आणि ट्रॅम्पल देतो, आणि माना असेल तितक्यांदा देतो. आर्चड्रुइडबरोबर दोन वेळा म्हणजे +६. शिवाय तो तीन मानाचा, हातात अडकून पडत नाही. पाचच्या पाच संपवणारी पानं सात-आठ मानाची ठेवलीत तर एखाद्या वेळी सुरुवातीच्या हातात दोन येतात आणि वरातीमागून घोडं होतं. दोन महाग, तीन स्वस्त असा हिशेब ठेवा.

लॅथ्रिलला स्विफ्टफूट बूट्स घातले तर आल्या टर्नलाच ती आडवी होऊ शकते. लाइटनिंग ग्रीव्ह्ज फुकट बांधता येतात, पण त्यातला श्राउड (त्या क्रीचरला कुणालाच टार्गेट करता येत नाही) तुम्हालाही लागू होतो. ग्रीव्ह्ज घातलेल्यावर स्कलक्लॅम्प बांधता येत नाही, आधी ग्रीव्ह्ज दुसऱ्याला हलवावे लागतात.

टेबल, पंखा आणि पाऊस

क्रीचरचा डेक जागा खातो. नेहमीची प्लेमॅट २४ बाय १४ इंचाची. चार जणांच्या समोरासमोर दोन-दोन मांडल्या तर ४८ बाय २८ इंच, म्हणजे चार फूट बाय अडीच फुटांच्या डायनिंग टेबलावर दोन इंच उरतात. चहाचे कप खिडकीत. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये खेळत असाल तर टेबल टेनिसचं टेबल अर्धं उघडून घ्या. आणि छताचा पंखा! कागदाचे टोकन एका झुळुकीत शेजाऱ्याच्या ग्रेव्हयार्डात जातात. टोकन स्लीव्हमध्ये (पानाच्या प्लास्टिकच्या पाकिटात) घाला. दहा वेगळी टोकनं मांडण्यापेक्षा दोन पानं ठेवा, एक उभं, एक आडवं, आणि त्यांच्यावर फासे: उभे किती, आडवे किती. आत्ताच आलेल्यांसाठी वेगळ्या रंगाचा फासा. याने तुमचा टर्न निम्म्यावर येतो, आणि रात्रीची शेवटची ट्रान्स-हार्बर पकडायची असलेला मेंबर तुम्हाला शिव्या देत नाही.

घोडबंदर रोडवरून येणारा चौथा गडी उशिरा आला आणि तिघांतच डाव लावला तर गणित बदलतं. वाइप कमी, म्हणून सात-आठ एल्फ उतरवायला हरकत नाही. क्रेटरहूफला ८० च पुरतात. पण तुमच्याकडे डोळे लावून बसणारेही दोघंच असतात, आणि त्यांना एकत्र यायला वेळ लागत नाही.

स्लीव्हचं पाकीट शंभराचं येतं, डेक शंभराचा. एक फाटली की खोळंबा, कारण दुसऱ्या पाकिटातली छटा जुळेलच असं नाही, आणि वेगळ्या छटेची स्लीव्ह म्हणजे खुणेचं पान. त्याच रंगाची दोन पाकिटं एकदम घ्या. डाव संपला की एल्फ एका गठ्ठ्यात आणि लँड दुसऱ्यात गोळा होतात, तसेच उचलून दोनदा हलवले तर पुढच्या हातात पाच लँड एकत्र येतात. सात-आठ वेळा नीट पिसा. जून ते सप्टेंबर फॉइल पानं वाकतात: कागद दमट हवा शोषून फुगतो, वरचा चमकता थर फुगत नाही. वाकलेलं फॉइल स्लीव्हमधूनही गठ्ठ्यात ओळखू येतं. त्यामुळे या डेकात फॉइल असलीच तर ती एकटी लॅथ्रिल, कारण तिला गठ्ठ्यात पिसायचं नसतं. डबीत सिलिका जेलची पुडी टाका, आणि ती गुलाबी किंवा हिरवी पडली की बदला.